नाव न घेता

माणसं जोडण्यात पाळकसाहेबांचा हातखंडा होता. कोणाच्याही घरी गेले की हात हातात घ्यायचे, डोळे ओले करायचे आणि म्हणायचे, "मन मोकळं करा, सगळं माझ्यापाशी राहील." लोक भाबडे, करायचे मोकळं. आणि चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत साहेब ते सगळं माईकवरून वाटून टाकायचे, प्रार्थना म्हणून! वर पुन्हा साळसूदपणे, "नाव घेत नाही हं."

घ्यायला नाव उरायचं कुठे? "दुकान बुडालेला आपला एक बंधू" म्हटलं की अख्ख्या मंडळीच्या माना चपलांच्या दुकानदाराकडे वळायच्या. त्यांच्या बायकोला, पाळकबाईंना, ते ऐकून वीट यायचा. पण आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

त्या रविवारी मात्र हद्दच झाली.

"शिवणकाम करणाऱ्या आपल्या एका बहिणीची लेक," साहेब डोळे मिटून म्हणाले, "नवऱ्याच्या माराला भिऊन आईच्या दुकानाच्या माळ्यावर लपलीय. प्रभू, तिला तुझ्या पंखांखाली झाक. नाव घेत नाही."

झाक म्हणे! पुढच्याच बाकावर त्या नवऱ्याचा सख्खा काका बसला होता. आमेनचीही वाट न पाहता तो फोन कानाला लावत बाहेर पडला. शिवणवाली ताई बाकांना धडकत दुकानाकडे धावत सुटली.

उपासना संपताच चर्चच्या दारात साहेब हसतमुखानं एकेकाचा हात दाबत उभे होते.

"अहो, काय करून बसलात हे!" बाई म्हणाल्या.

"लोकांचं दुःख आपलं मानल्याशिवाय नातं जुळत नाही गं," म्हणत त्यांनी बाईंचाही हात धरला. शी! त्या मऊ, घामट हाताची बाईंना शिसारी आली. तो झटकून त्यांनी तडक दुकान गाठलं.

ताई पिशवीत कपडे कोंबत होती. लेक शिवणयंत्राला टेकून रस्त्याकडे बघत होती. तिच्या गालावरचा वळ अजून निळा होता.

"ताई, हिला आमच्या घरी आणा. पाळकांच्या घरात शिरायची त्याची छाती होणार नाही."

"तुमच्या घरी?" ताई गर्रकन वळली. "पाळकबाई, साहेबांना मी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त तुम्हाला."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. जेवताना त्याच साहेबांपाशी बोलून गेल्या होत्या. काळजीनं हो, अगदी काळजीनंच!

"मी... प्रार्थना करा, एवढंच म्हटलं त्यांना."

"त्यांनी केली की."

बाईंना आता स्वतःच्याच जिभेची किळस आली. ताईनं लेकीच्या डोक्याला रुमाल बांधला आणि मागचं दार उघडलं.

"कुठे चाललात? गावाचं नाव तरी सांगा, ताई! मी कोणापाशी बोलणार नाही."

ताईनं लेकीला आधी बाहेर काढलं.

"नाव घेत नाही हं," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.