चौदा सरळ रेघा

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या गावात कुणी नव्हतं. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही. मी गेर्लिंडे रोस्नर. कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. आमच्या पूर्व जर्मनीत कुणीही तक्रारीचा अर्ज केला की चार आठवड्यांत उत्तर द्यायचं, असा कायदाच होता. उत्तर यायचं, काम व्हायचं नाही. काम व्हायचं ते फक्त निवडणुकीच्या तोंडावर. तेव्हा अर्जाच्या शेवटी एक ओळ टाकायची: छप्पर दुरुस्त न झाल्यास आमच्या कुटुंबाला मतदानाला येणं जमेलसं दिसत नाही. नव्याण्णव टक्के मतदान झालंच पाहिजे अशा राज्यात ही ओळ वाचून नगरपालिकेला घाम फुटायचा. एकोणऐंशी साली मी असं छप्पर पदरात पाडून घेतलं, चौऱ्याऐंशी साली न्हाणीघरातला बंब. अर्ध्या गल्लीचे अर्ज मीच लिहायचे.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात निवडणूक लागली आणि मी अर्ज केला नाही. त्या सौद्याचा मला वीट आला होता. मी मागचं मत एका बंबापायी दिलं होतं, आणि तो बंबही गळत होता.

एप्रिलमध्ये हार्टमूट पेन्झेल दारात उभा. नगरपालिकेत अर्जांचा विभाग याच्याकडे. चौदाव्या वर्षी मुलं मोठी झाली म्हणून आमच्याकडे समारंभ होतो, त्याला त्याने घातलेला पहिला सूट मी शिवला होता, त्यामुळे तो साहेब झाला तरी मी त्याला अरेतुरेच करते.

"रोस्नरबाई, यंदा तुमच्याकडून काहीच आलं नाही," तो म्हणाला.

"काही नको आहे मला."

"असं कसं? तुमचा टेलिफोनचा अर्ज पडून आहे की. चौदा वर्षं झाली."

"आहे ना. लोथारच्या हृदयासाठी हवाय." लोथार म्हणजे माझा नवरा. "त्याचा मताशी काय संबंध?"

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. "मग मतदानाला येणार ना तुम्ही?"

"येणार. सकाळीच येणार."

हे ऐकून तो आणखीनच घाबरला. मी दिलेली कॉफी त्याने अर्धी तशीच ठेवली.

आमच्याकडे मतदान म्हणजे चिठ्ठी घ्यायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. चिठ्ठीवर सरकारने ठरवलेल्या नावांची एकच यादी, ती जशीच्या तशी टाकली की होकार, त्यामुळे पेन्सिलीची गरजच नसे. कोपऱ्यात पडद्याआड एक टेबल असायचं खरं, पण तिकडे जाणाऱ्याचं नाव टिपलं जायचं. बरं, तिथे जाऊन नकार द्यायचा तर यादीतलं प्रत्येक नाव खोडावं लागे. एक जरी नाव राहिलं, तर ते मत होकारात धरायचे. आतली पेन्सिल मुद्दाम बोथट ठेवलेली असते असं सगळे म्हणत. म्हणून मी कारखान्यातली निळी पेन्सिल आणि पोलादी पट्टी पर्समध्ये घालून गेले. चौदा नावं होती. मी चौदा रेघा ओढल्या. माझी रेघ वाकडी जात नाही, आणि त्या दिवशी तर मी जन्मभराची हौस भागवून घेतली. पडद्याबाहेर आले तेव्हा शाळेच्या खाणावळीत, म्हणजे आमच्या मतदान केंद्रात, एवढी शांतता होती की माझ्या पर्सचा चाप वाजलेला सगळ्यांनी ऐकला.

संध्याकाळी सहाला मी पुन्हा गेले. मतमोजणी कुणालाही बघता येते, हेही कायद्यात होतं, फक्त आजवर कुणी गेलं नव्हतं. तिथे टाबेआ आधीच येऊन बसली होती. ही आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारी नर्स, चर्चमध्ये जमणाऱ्या सरकारविरोधी मंडळींबरोबर ऊठबस असलेली. केंद्राचे प्रमुख, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, आम्हाला बघून म्हणाले, "बायांनो, इथे बघण्यासारखं काय आहे?"

"तेच बघायला आलोय," मी म्हणाले.

त्यांनी मोजलं. आम्ही बघितलं. नकाराच्या गठ्ठ्यात सर्वांत वर निळ्या रेघांची माझी चिठ्ठी होती, तिला बघून मला लेकीचं लग्न लागताना वाटलं होतं तसं वाटलं. नकार एकाहत्तर. मुख्याध्यापकांनी आकडा मोठ्याने वाचला, त्यांचा आवाज पडलेला होता.

मंगळवारी पेपरात आमच्या गावचा निकाल आला. तिन्ही मतदान केंद्रं मिळून नकार: एकोणीस.

मी तो पेपर तीनदा वाचला. मग चष्मा पुसून चौथ्यांदा. लोथार पलीकडे सशांसाठी गाजरं कापत होता. मी म्हणाले, "माझं मत हरवलं."

"मग हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर जा," तो म्हणाला. त्याला चेष्टा करायची होती, पण मला अर्ज सापडला.

मी लिहिलं: अमुक केंद्रावर सात मे रोजी एकाहत्तर मतं नकाराची मोजली गेली, ती मी व टाबेआ क्रेल यांनी डोळ्यांनी पाहिली. पेपरात सगळ्या गावाची मिळून एकोणीस दिसतात. म्हणजे निदान बावन्न मतं गहाळ आहेत. त्यांपैकी एक माझं असावं. ओळखीची खूण: निळी पेन्सिल, चौदा रेघा, पट्टीने ओढलेल्या. सापडल्यास कळवावे. शेवटी काहीही मागितलं नाही. टाबेआनेही तेवढ्याच ठामपणे खाली सही केली.

चार आठवडे संपायला दोन दिवस उरले असताना पेन्झेल आला. या वेळी त्याच्या हातात दोन कागद होते. एक टेलिफोनचं मंजुरीपत्र, त्यावर तारीखसुद्धा: पुढचा मंगळवार. दुसऱ्यावर एकच ओळ: माझ्या अर्जाचं समाधानकारक निराकरण झालं आहे. खाली माझ्या सहीची जागा.

खोटं कशाला सांगू, माझा जीव त्या पहिल्या कागदात अडकला. लोथारला दोनदा झटका येऊन गेला होता. सार्वजनिक फोन पोस्टाजवळ, तोही एक दिवसाआड बंद. चौदा वर्षं मी त्या कागदाची वाट बघत होते, आणि तो माझ्या टेबलक्लॉथवर पडला होता.

मी लोथारकडे बघितलं. "तूच सांग. हृदय तुझं आहे."

"माझ्याकडे काय बघतेस," तो म्हणाला. "मी चिठ्ठीची घडी घालून टाकून आलो. माझं मत काही हरवलं नाही. तुझं हरवलंय." मग जरा थांबून म्हणाला, "पण सही केलीस तर माझ्या नावावर ढकलायची नाही."

मी पेन्झेलला विचारलं, "हार्टमूट, त्या एकोणिसात माझं मत आहे का?"

"आहे असंच समजा."

"मग टाबेआचं नाही? का उलटं?"

"रोस्नरबाई, मला काय माहीत? आम्हाला तर आकडा वरून दुपारीच फोनवर आला होता." बोलून गेला आणि त्याचे कान लाल झाले. पहिला सूट घालून बघताना व्हायचे तसेच.

दुपारी मतदान चालूच होतं. निम्म्या गावाने अजून घडीसुद्धा घातली नव्हती.

मी मंजुरीपत्र उचललं, पट्टी काढली, निळ्या पेन्सिलीने त्यावर एक सरळ रेघ ओढली आणि त्याच्या हातात दिलं. "फोनचा हा असा उपयोग होत असेल तर मला नको. माझ्या अर्जाचं उत्तर दे. दोन दिवस आहेत अजून."

उत्तर आलं. निवडणूक नियमानुसार पार पडली आहे, एवढंच. मी पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर. मी एकूण पाच केले.

ऑगस्टमध्ये, सकाळी दहाच्या सुमाराला, लोथार सशांच्या खुराड्यापाशी कोसळला. मी घरातल्या चपलांनिशी आधी पोस्टाजवळच्या फोनकडे धावले, तो बंद, मग तशीच मागे टाबेआकडे. ती घरी होती म्हणून निभावलं. तो जमिनीवर आणि मी रस्त्यावर, अशी बारा मिनिटं गेली. त्या बारा मिनिटांबद्दल मी कुणालाच माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही. पण तो कागद पुन्हा टेबलावर आला तर मी पुन्हा रेघच ओढीन, आणि हे लोथारला ठाऊक आहे.

पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. शरदात माणसं रस्त्यावर आली, भिंत पडली, आणि नव्वदच्या मे महिन्यात गावच्या निवडणुका नव्याने लागल्या. केंद्रप्रमुख कुणाला करायचं यावर चर्चमधल्या सभेत वाद झाला नाही. टाबेआ म्हणाली, "जिने पाच अर्ज केले तिला करा."

तीच शाळेची खाणावळ. आता सगळेच पडद्याआड जात होते आणि रांग अंगणापर्यंत गेली होती. पेन्झेल दुपारी आला, पडद्यामागे बराच वेळ राहिला, घडी घालून पेटीत टाकताना माझ्याकडे बघणं त्याने टाळलं. सहाला पेटी फोडली. बघायला इतके लोक आले की बाकं कमी पडली. पहिल्या बाकावर लोथार, खिशात गोळ्या, मांडीवर केकचा डबा.

निम्मी मोजणी झाली असेल, तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला. मी उचलला. नगरपालिकेतून कुणीतरी घाईत म्हणालं, "तुमचा आकडा काय लिहू?"

सगळी खाणावळ माझ्याकडे बघत होती. लोथारने डब्याचं झाकण लावलं.

"अजून मोजतोय आम्ही," मी म्हणाले. "तुम्ही थांबा."

आणि फोन ठेवून पुढची चिठ्ठी उघडली.