काटेवाल्याच्या घरचा डबा

मी डबा बोलतोय. प्लॅस्टिकचा, निळ्या झाकणाचा, चार खटक्यांचा. एकदा बोलायला लागलो की थांबत नाही, पण पदरचं काही घालत नाही. आणखी एक आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर राग नको. तुम्हा माणसांवर माझा फारसा लोभ नाही. वस्तू फुकट मिळाली की तुम्ही तिचं कूळ विचारत नाही, आणि पुढे काही बिनसलं की घरातल्या सगळ्यात लहान माणसाची मान धरता.

माझं कूळ ऐकाच. मोडक्या खुर्च्या, फळांचे क्रेट, फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन, सगळं एका शेडमध्ये दळलं, वितळवलं आणि साच्यात दाबलं. लवचीकपणासाठी एक रसायन, टिकाऊपणासाठी दुसरं, रंगासाठी तिसरं. अशा एकत्र कुटुंबात कोण कुणाचं, ते देवालाच माहीत. अन्नासाठी बनवलेल्या डब्याच्या तळाला खूण असते म्हणे. माझा तळ कोरा. पण झाकण असं चकाकत होतं की तळ बघायची कुणाला गरज वाटली नाही.

मला बाजारात आणलं ते प्लॅस्टिकच्या भांड्यांच्या एका व्यापाऱ्याने. गोड माणूस. हसला की समोरच्याला आपणच त्याला फसवलंय असं वाटायचं. त्याचे ट्रक हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर यायचे. एकदा त्याने काटेवाल्याच्या हातात सहा डब्यांचा संच ठेवला आणि म्हणाला, वहिनींना द्या, आठवण राहील. राहिली बरं का. चांगलीच राहिली.

आता हा काटेवाला. ट्रक आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा. मधला फरक म्हणजे माल. बावीस वर्षं हेच काम. त्याचा हिशेब साधा होता: वजन वाढलं म्हणजे कुठून तरी माल चढला, आणि जो काट्यावर दिसत नाही तो मालच नाही. या एका सूत्रावर त्याने नोकरी केली, भांडणं जिंकली आणि स्वतःच्या मुलीला चोर ठरवलं.

मुलगी तेरा वर्षांची. पायऱ्या कधी एकेक करून न चढणारी, म्हणून घरात तिला खारूताई म्हणायचे. शाळेच्या डब्यासाठी मी तिच्या वाट्याला आलो. आई सकाळी उकळता रस्सा, वर तेलाचा तवंग असलेला, थेट माझ्यात ओतायची आणि खटके लावायची, दुपारपर्यंत गरम राहावा म्हणून. घरी आल्यावर तारेच्या घासणीने मला असं खरवडायची की जन्माचा दावा असावा. चरे पडले. आता गरम तेलाला चऱ्यांतून माझ्यातलं काय काय ओढून घेता येतं, ते मला कळत होतं. तुम्हाला कळत नव्हतं, कारण त्याला ना वास, ना रंग. शिवाय शिळं अन्न पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये, तेही माझ्यातच. मी आत तापायचो, घाम फुटावा तसा सुटायचो, आणि बाहेर सगळे म्हणायचे, काय सोय झाली हो.

वर्षभरात खारूताईचा गणवेश दोनदा उसवून सैल करावा लागला.

पहिला टोला आत्याचा. आत्या म्हणजे काटेवाल्याची थोरली बहीण, दर रविवारी हजर. ती म्हणाली, "खारूताई कसली, खारीने गोदाम गिळलंय." सगळे हसले. मुलगीही हसली, पण हातातला घास तिने ताटात परत ठेवला.

मग काटेवाल्याने घरात त्याचं शास्त्र आणलं. मी रिकामा एकशेऐंशी ग्रॅम, भरून सहाशे. सकाळी तोलायचं, संध्याकाळी तोलायचं. केबिनमध्ये पोती तोलायचा एक छोटा काटा होता, त्यावर दर रविवारी मुलीला उभं करायचं. ड्रायव्हर लोक पावतीसाठी थांबलेले असायचे. एकाने म्हटलं, "मालक, हिचीपण पावती फाडा, ओव्हरलोड दिसतोय." त्यालाही लोक हसले. काटेवाला हसला नाही, पण त्याला गप्पही केलं नाही. रविवारी शाळा नसायची, म्हणून मी काटेवाल्याच्या जेवणाच्या पिशवीतून बघत होतो. चांगल्या घरातलं वैर असंच असतं, आवाज न चढवता चालतं.

एवढं तोलून देऊनही वजन चढतच राहिलं. काटेवाल्याने गणित मांडलं: मी देतो तो माल कमी, चढतो तो जास्त, म्हणजे उरलेला चोरून येतो. मुलगी रोज म्हणायची, मी खरंच खाल्लं नाही. त्याने दप्तर उपसलं. काही सापडलं नाही. तेव्हा तो म्हणाला, सापडलं नाही म्हणजे पोरगी हुशार आहे. कपाटाला कुलूप लागलं. आईने एकदा तोंड उघडलं, की अहो, ती खरंच काही खात नाही. यावर आत्याचं उत्तर तयार होतं: आईच्या पदराखालीच तर चोर वाढतात.

मुलीने काय करावं? तिने मला उघडायचंच सोडलं. जसा भरलेला नेला तसा भरलेला परत आणला. तिला वाटलं, आता तरी पटेल. काटेवाल्याने मला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला आणि म्हणाला, "सहाशे गेले, सहाशे आले. म्हणजे बाहेर पोट भरलंय."

या माणसाला उपाशी माणूसही जेवलेला दिसत होता. मी प्लॅस्टिक आहे, मला आतडी नाहीत, पण त्या दिवशी मला त्याची किळस आली.

पाचव्या दिवशी ती शाळेच्या जिन्यावर चक्कर येऊन पडली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. काय खातेस, झोप किती, खेळतेस का, सुट्टीत काय करतेस, घरात कुणी जाड आहे का. मग एक वेगळाच प्रश्न आला, की अन्न कशात ठेवता, गरम कशात करता? आईने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी मला उलटं केलं, कोरा तळ बघितला, चऱ्यांवरून नख फिरवलं.

त्यांनी समजावलं ते असं. अशा प्लॅस्टिकमधली काही रसायनं अन्नात उतरतात आणि शरीरातल्या हार्मोन्सची नक्कल करतात. शरीराला वाटतं, चरबी साठवायचा हुकूम आलाय. हुकूम खोटा, पण शिक्का खऱ्यासारखा. वाढत्या वयात त्याचा त्रास जास्त. हेच एकमेव कारण आहे, असं मी म्हणणार नाही, बाई म्हणाल्या, अजून बरंच शोधायचं बाकी आहे. पण खाणं इतकं तोलताय, तर ते कशात ठेवता तेही बघा. सुट्टीत ही काट्यावर पावत्या फाडते ना? त्या गुळगुळीत कागदावरही असलंच रसायन असतं, तो हातात फार वेळ नको. आणि सगळ्यात आधी, पोरीला जेवू घाला.

काटेवाला घरी येईपर्यंत धुमसत होता. म्हणाला, बाई शिकलेली दिसते पण व्यवहार शून्य. डबा काय पोटात शिरतो? आज सकाळी तोलला, एकशेऐंशी. पहिल्या दिवशी तोलला, एकशेऐंशी. माझ्यातून गेलं काय आणि गेलं किती, ते त्याच्या काट्याच्या औकातीबाहेरचं होतं. पण आपला काटा तोकडा आहे, हे काटेवाला कसं कबूल करणार?

त्याची खोड मोडली ती त्या गोडबोल्या व्यापाऱ्याने, तीही नकळत. ट्रक तोलायला तो भरदुपारी आला होता. मुलगी घरी निजून, म्हणून मी त्या दिवशी काटेवाल्याच्या जेवणाला. त्याने आग्रह केला, बसा, गरम आहे, दोन घास घ्या. व्यापाऱ्याने मला बघितलं आणि गाडीतून स्वतःचा स्टीलचा डबा मागवला.

"आमच्यातलं चालत नाही का?" काटेवाल्याने विचारलं.

"गरम आहे म्हणून नको," व्यापारी हसत म्हणाला. "विकायचं वेगळं, खायचं वेगळं. आमच्या घरी सगळं काचेत नाहीतर स्टीलमध्ये. नात लहान आहे ना."

काटेवाल्याने हातातला घास परत ठेवला. "आणि माझ्या घरात सहा दिलेत ते?"

"अहो, ते बटणं-दोरे ठेवायला. उकळता रस्सा कोण ओततो त्यात?"

"तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

तो व्यापारी पोटभर जेवला, ढेकर दिला आणि गेला. काटेवाल्याने उरलेलं अन्न बाहेर ओतून दिलं आणि मला उलटं करून कोरा तळ बघितला. दोन ट्रक हॉर्न देऊन थकले.

संध्याकाळी त्याने घरातले सहाही डबे गोळा केले आणि कपाटाचं कुलूप काढलं. मुलीच्या खाटेपाशी उभा राहून त्याने व्यापाऱ्याचं सगळं बोलणं सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या चुकीची हकीकत. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुझी चूक नव्हती."

मुलीने पांघरुणातून तोंड काढलं. "बाबा, तो माणूस बोलला म्हणून पटलं तुम्हाला. चोरून खात नाही, हे मी किती दिवस सांगत होते."

आई म्हणाली, पोरी, जाऊ दे आता. पोरीने जाऊ दिलं नाही. मला ते आवडलं.

आता ती स्टीलच्या डब्यातून जेवते, पोटभर जेवते. वजन उतरलं का, म्हणून आत्याने मागच्या रविवारी विचारलंच. काटेवाला म्हणाला, माहीत नाही, आणि तूही विचारू नकोस. आत्या फणकाऱ्याने चहा न घेता गेली. मुलगी बापाशी बोलते, पण कामापुरतं. वही हवी, फी भरायची आहे, दार लावा. तो प्रत्येक वाक्यानंतर थोडा थांबतो, पुढचं येईल म्हणून. येत नाही.

मी केबिनच्या फळीवर आहे, पोटात नट-बोल्ट घेऊन. थंड, कोरडे, बिनतेलाचे. हेच माझं खरं काम होतं. लेकराच्या घासापासून मला लांब ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि तुमच्या घरातलं एखादं लेकरू "मी खरंच खाल्लं नाही" असं म्हणालं, तर पुरावा आणायला व्यापाऱ्याची वाट बघू नका. तो त्याच्या सवडीने येतो. लेकरू तोवर थांबतंच असं नाही.