चार इंच तुटलेली टेप

मी एक जुनी टेप आहे. माप घ्यायची, पोलादी पट्टीची. माझा जन्म बेंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या शेडमधला. शिवाजीनगरच्या दुकानात टांगलेली असताना जयसिंगराव मेस्त्रींनी मला खेचून बघितलं, सटकन आत जाऊ दिलं आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे, हीच द्या." तेव्हापासून मी त्यांच्या कमरेला. मित्रांनो, बेंगळुरातल्या किती न्हाणीघरांच्या भिंती माझ्या शब्दावर उभ्या आहेत, हे तुम्हाला सांगितलं तर फुशारकी वाटेल. वाटू दे!

एकदा माझ्या टोकावर दगड पडला. पहिले चार इंच पार चेंगरले. मेस्त्रींनी कात्रीने तेवढा तुकडा उडवला. "नवीन घ्या की," लोक म्हणाले. पण मेस्त्री चिवट. मी दहा दाखवले की ते सहा धरायचे. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं, की कुणाला सांगायचंही राहून गेलं. पुढं ते थकले, कामं सुटली आणि मी खिळ्यांच्या डब्यात गंज खात पडले. मला फार वाईट वाटायचं.

मग मेस्त्रींच्या बायकोचे, मालनबाईंचे, पाय गेले. चाकांची खुर्ची आली. न्हाणीघर परसात, तीन पायऱ्या उतरून. रोज कुणीतरी उचलून न्यायचं आणि दाराशी उभं राहायचं. मालनबाई त्या लाजेनं पाणीच पिईनाशा झाल्या. त्यांची लेक शिवलीला एचएसआर लेआउटमधल्या तिच्या फ्लॅटवरून धावत आली. "अण्णा, आईला मी घेऊन जाते. माझ्याकडे लिफ्ट आहे, सगळं आहे."

"मला माझ्या घरातून हलवू नका गं," मालनबाई म्हणाल्या.

मेस्त्री म्हणाले, "आठ दिवस दे. खोलीला लागून न्हाणीघर काढतो. ती एकटी आत जाऊन आली तर राहील. नाही जमलं तर ने."

आणि मला डब्यातून काढलं! काय आनंद झाला म्हणून सांगू! मेस्त्री स्टुलावर कागद घेऊन बसले. शिवलीलेनं माझं टोक खोलीच्या भिंतीला लावलं, मला कंपाउंडपर्यंत ताणलं आणि ओरडली, "बरोबर आठ फूट!" टोकाकडे बघतं कोण? मेस्त्रींनी आठ फूट लिहून घेतले. चार वजा करायची सवय त्यांच्या डोळ्यांना होती, कानांना नव्हती. मी आतल्या आत तडफडत होते, पण टेपेला कुठली वाचा?

सिमेंट कालवण्याआधी नुसत्या विटा मांडून बघायची मेस्त्रींची जुनी पद्धत. या वेळी मापं त्यांनी स्वतः घेतली. कंपाउंडच्या बाजूनं गुडघाभर विटा रचल्या, पायऱ्यांवर उताराची फळी टाकली, त्या आठ फुटांतून उरलेली जागा वाटेसाठी मोकळी सोडली. "या आता," ते बायकोला म्हणाले.

मालनबाईंनी चाकं फिरवली. खुर्ची वाटेत शिरली. हात मात्र शिरेनात. बोटांची सालटी निघाली. तरी बाई रेटतच होत्या, तोंडातून ब्र नाही.

"बस्स, आई!" शिवलीला रडायलाच लागली. "चल माझ्याकडे."

मेस्त्रींनी ती वाट माझ्याकडून मोजून घेतली. कागदावर चौतीस इंच होते, मीही चौतीसच दाखवले, पण त्यांनी सवयीनं तीस धरले आणि माझं तुटकं टोक लेकीसमोर धरलं. "पोरी, ही टेप चार इंच जास्त सांगते. ठाऊक फक्त मला. तुला सांगितलंच नाही बघ."

मालनबाई चिडल्या. "लोकांची घरं बांधताना बरे चार इंच ध्यानात राहिले! माझ्याच वेळी विसरलात?"

न्हाणीघरात मेस्त्रींनी स्वतःच्या हत्यारांसाठी एक कोनाडा धरला होता. तो त्यांनी मोडला आणि विटांची रांग सहा इंच मागं सरकवली. वाट पुरी छत्तीस इंच झाली.

मालनबाईंनी पुन्हा चाकं फिरवली. स्वल्प डावीकडे, मग सरळ. गेल्या! आत म्हणजे काय, वर आभाळ आणि भोवती गुडघाभर विटा. पण त्या विटांच्या मधोमध थांबल्या, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघताय काय? तोंडं फिरवा तिकडं!"

दोघांनी मुकाट्यानं पाठ फिरवली. शिवलीला आईला नेण्याचं पुन्हा काही बोलली नाही. मेस्त्री मला हातात घट्ट धरून उभे होते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकू नका, तिची काळजी घ्या. तिचं काय तुटलंय, ते पुढच्या हाताला सांगून ठेवा. आणि घर वाढवाल तेव्हा आपल्या म्हाताऱ्या माणसांची नुसती खुर्ची मोजू नका. चाकं फिरवणारे त्यांचे हातही मोजा.