वाक्याच्या मधलं कॅपिटल

बावीस वर्षं मी त्या शाळेचं फाटक उघडलं, घंटा दिली, फळे पुसले, ओकलेल्या पोरांना नळाखाली धरून स्वच्छ केलं. आणि बाविसाव्या वर्षी साहेबांना शोध लागला की मला इंग्रजी यायला हवं! वरून कागद आला म्हणे. कायम व्हायचं तर आठवीच्या इंग्रजीचा पेपर द्यायचा, शंभरात पस्तीस हवेत, संधी एकदाच. नापास झालं की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मिळालेली जिन्याखालची खोलीही गेली. त्या खोलीत मी आणि माझी भाची राहायचो. बहीण गेल्यापासून ती माझ्याकडेच होती.

"घंटेला इंग्रजी कळतं का हो?" मी हेडसरांना विचारलं. ते हसले. हसायला त्यांचं काय जातंय!

शिकवायला इंग्रजीच्या बाई पुढे आल्या. मनापासून शिकवलं त्यांनी, उगाच खोटं कशाला बोलू? शाळा सुटली की रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर मी बसायची. गुडघे बाकाखाली मावायचे नाहीत. स्पेलिंगांनी नाकी नऊ आणले, पण नामांचा धडा मात्र मला फार आवडला. मुलगी म्हणजे कुठलीही मुलगी, ते सामान्यनाम. तिचं नाव घेतलं की विशेषनाम, आणि त्याचं पहिलं अक्षर मोठं, कॅपिटल. आपल्या लिपीत ही भानगडच नाही. आपल्याकडे राजा आणि रद्दी, दोघांचा र एकाच उंचीचा.

"आणि आई?" मी विचारलं.

"माय मदर म्हटलं तर एम छोटा," बाई म्हणाल्या. "पण हाक मारतो तसं, नावासारखं नुसतं मदर म्हटलं, तर एम मोठा. काका, मावशी, सगळ्यांना हाच नियम."

मी कानच टवकारले. शाळेत सहाशे पोरं, तीस शिक्षक, शिवाय हेडसर, सगळे मला मावशीच म्हणायचे. माझी मावशी, तुझी मावशी असं नाही. नुसतं मावशी. म्हणजे मला कॅपिटल!

भाचीला सांगितलं तर ती वैतागली. "अगं मावशी, पेपरात नसता शहाणपणा करू नकोस. मी उघडते, मी पुसते, असं लिही आणि सूट."

ऐकेन तर शपथ.

पेपरात शेवटचा प्रश्न होता, तुमच्या कामाबद्दल पाच वाक्यं लिहा. वाक्याला दोन गुण, कॅपिटल चुकलं तर शून्य. मी लिहिलं, सहा वाजता मावशी फाटक उघडते. मग मावशी घंटा देते. अशी पाच. बाकी सगळं इंग्रजी, फक्त मावशी हा शब्द आपलाच, इंग्रजी अक्षरांत. आंट कशाला लिहू? तशी हाक मला कोणी मारतच नाही. आणि मुद्दाम मावशीला वाक्याच्या मधे ठेवलं. सुरुवातीला काय, दगड उभा केला तरी त्याला कॅपिटल मिळतं! मधे मिळालं तर ते आपलं. पाच वेळा मोठा एम काढला, अगदी जीव ओतून.

एकतीस गुण पडले. पाचही एमना लाल गोल, पाचही वाक्यांना शून्य. पेपर बाईंनीच तपासला होता.

मी पेपर घेऊन तशीच शिक्षकांच्या खोलीत गेले. "बाई, नियम तुम्हीच सांगितलात ना?"

"अहो मावशी, तो नियम नात्याला," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय खरंच आमच्या मावशी आहात का? हे तुमच्या कामाचं नाव झालं. शिपाई, माळी, तसं. सामान्यनाम."

"आणि नोटिशीत प्रिन्सिपलला मोठा पी घालता तो? ते काय त्यांच्या आईने ठेवलेलं नाव आहे?"

"तो मान असतो, मावशी."

बाईंचा चेहरा उतरला होता. "वाक्याच्या सुरुवातीला घेतलं असतंत तर मला कापताच आलं नसतं हो," त्या म्हणाल्या. मला इतका राग आला की पेपर मी तिथेच चुरगळला. पुन्हा तपासायची सोय नव्हती. हेडसरांनी महिनाअखेरीपर्यंत खोली रिकामी करायला सांगितलं.

शेवटच्या दिवशी माझ्या जागी नवी बाई आली. ठेकेदाराने पाठवलेली, तिला पेपरबिपर काही नव्हता. मी तिला किल्ल्या दिल्या, निळा एप्रन काढून दिला, घंटेचे किती ठोके द्यायचे ते दाखवलं. तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी गुडघा फोडून रडत मैदानातून धावत आली.

"मावशी!"

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. मी सवयीने खाली वाकले, हातही पुढे केले. मुलगी माझ्या बाजूने गेली आणि एप्रनला बिलगली.

बाईंनी पेपर बरोबर तपासला होता. दहाच्या दहा गुण कापायलाच हवे होते.