कोवळी कोय

दाताखाली काहीतरी आलं, कठीणही नाही आणि मऊही नाही, आणि ते जिभेनं पुढं ढकलून बुधरीनं बोटावर घेतलं तेव्हा तिचं लक्ष समोरच्या कागदावरच होतं, वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या रोपांवर, त्यांच्या नातवंडांत उंच किती निघतील आणि बुटकी किती, यावर. पांढुरकं, कडेला जरासं हिरवट, नखासारखं लवचीक. कोय. विळीवर आडवी कापली गेलेली कोवळी कोय. तिनं ती ताटाच्या कडेला ठेवली, पुढचा घास कालवला, तोंडात घातला, चावला... आणि मग तिचा हात थांबला.

वाटी रिकामी होती. आणि ही दुसरी वाटी होती. पहिली संपल्यावर आपण स्वतः उठून, रांगेत उभं राहून, वाटी पुढं करून मागून घेतलेली. स्वयंपाकाच्या मनकर्णाबाईंनी डाव बुडवताना म्हटलंही होतं, आज कैरी टाकली दाळीत, उन्हाचं बरं राह्यते पोरीहो — म्हटलं होतं ना? कानावर पडलं होतं. पण कानावर पडणं वेगळं. कान तेव्हा वाटाण्यांकडे होते.

मरका. तिनं मनात तो शब्द आपल्या भाषेत म्हणून पाहिला, आंबा, कैरी, सगळ्याला एकच शब्द, मरका, आणि वाट पाहिली. काहीतरी होईल म्हणून. निदान भीती तरी वाटेल. मेसमधला पंखा खडखडत फिरत होता. पलीकडच्या टेबलावर जिवतीकडच्या मुली रविवारच्या टीव्हीच्या तासासाठी भांडत होत्या. जिभेवर आंबट चव रेंगाळत होती, आणि खोटं कशाला बोला, ती चव चांगली होती. बुधरीला रडू आलं नाही. रडू येत नाही याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

गावात नव्या फळाचा सण, पंडुम, होईपर्यंत आंब्याला कुणी तोंड लावत नाही. पेरमा, म्हणजे गावाचा पुजारी, दिवस ठरवतो. पहिलं फळ देवांचं, मग गेलेल्या माणसांचं, मग आपलं. तोवर झाडं लगडलेली असतात, वाऱ्यानं पडलेल्या कैऱ्या अंगणभर लोळत असतात, आणि यायो, तिची आई, सकाळी झाडताना त्या केराबरोबर कडेला लोटते, जशा काही त्या दगडच आहेत. कुणी चुकून खाल्लीच तर त्याचाही उपाय आहे. पेरमाला जाऊन सांगायचं. तो एक अंडं मागतो, देवापुढं ठेवतो, वर चार शब्द थट्टेचे बोलतो आणि मिटतं. कोणी मारत नाही, वाळीत टाकत नाही. फक्त सांगावं लागतं. पण असं चुकतात कोण, तर रांगणारी पोरं, हाताला लागेल ते तोंडात घालणारी. सतरा वर्षांची, अकरावीला वर्गात तिसरी आलेली, डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी पेरमापुढं उभी राहून काय सांगणार? की मी विसरले?

विसरले. तेच तर.

भामरागडच्या आश्रमशाळेत लक्षात ठेवावं लागत नव्हतं. तिथं सगळीच पोरं तसली, स्वयंपाकीणही तसलीच. चैत्रात दाळीत चिंच पडायची आणि कुणी कुणाला कारण विचारत नसे. इथं, चंद्रपूरच्या या मुलींच्या निवासी सरकारी शाळेत, जिल्ह्याजिल्ह्यांतून परीक्षा घेऊन निवडून आणलेल्या मुलींत, दहावीचा निकाल लागला त्या उन्हाळ्यानंतर ती आली, आणि वर्ष सरता सरता शाळेच्या मागचं आंब्याचं झाड मोहरलं. मार्चपासून मुली त्याला दगड मारत होत्या. ऊर्जानगरची मयुरी, जिचे वडील वीज केंद्रात आहेत, जी तिच्याच खोलीत राहते आणि मनानं वाईट नाही, ती रोज मीठ-तिखट लावलेली फोड पुढं करायची आणि बुधरी रोज म्हणायची, नको, दात आंबतात. खरं कारण सांगितलं असतं तर मयुरी हसली नसती. ती म्हणाली असती, अय्या, किती मस्त! आणि मग चार जणींना बोलावून सांगितलं असतं, जसं स्नेहसंमेलनात बुधरीला बाजारातून आणलेली मोरपिसं डोक्याला बांधून नाचायला लावलं होतं आणि सगळ्यांनी मस्त म्हटलं होतं. त्या मस्तला उत्तर काय द्यायचं, हे तिला अजून जमलेलं नव्हतं. त्यापेक्षा दात आंबतात हे बरं.

एवढे आठवडे तिनं एकटीनं ते सांभाळलं होतं, आणि सांभाळतो आहोत याचा तिला थोडा अभिमानही होता, आता कबूल करायला हरकत नाही. वर्गात आंब्याचं उभं छेदचित्र काढलं तेव्हाही — साल, गर, कोय, प्रत्येकाला बाण, प्रत्येकाला नाव — मॅडमनी तिची वही वर धरून सगळ्यांना दाखवली होती. तेव्हा तिला वाटलं होतं, चित्र काढायला काय, चित्र काढणं म्हणजे खाणं नव्हे. पण कदाचित तिथूनच सुरुवात झाली असेल. एकदा का त्याच्या प्रत्येक भागाला नाव दिलं, की ते दाळीत पडलं काय आणि वहीत पडलं काय...

"काऊन वं बुधरी, जेवून नाई राह्यली?" मयुरीनं पाठीवर थाप मारली. "टेन्शन नको घेऊ, टेस्ट बुधवारी आहे. आणि तू तर आज घरी चालली." आणि उत्तराची वाट न पाहता ती ताट घेऊन धुवायला गेली.

घरी. बाबो, तिचा बाप, आज येणार होता. पेरमानं दिवस धरला होता, परवाचा, आणि गावाबाहेरच्या टेकडीवर चढून, रेंज सापडेपर्यंत फिरून, बाबोनं ते कळवलं होतं. या शाळेतून मुलगी पालकाशिवाय सोडत नाहीत. तो काल निघून रात्री आलापल्लीला सोयऱ्याकडे राहिला असेल आणि पहाटेची बस धरली असेल. रजेसाठी बुधरी प्राचार्याबाईंकडे गेली होती तेव्हा त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून, अगदी मायेनं म्हणाल्या होत्या, "सणच ना गं? तो दरवर्षी येतो. डॉक्टरकीची ही परीक्षा एकदाच येते." आणि तरी त्यांनी सही केली होती. त्या मायेमुळेच बुधरीला जास्त अपराधी वाटलं होतं, आणि आता वाटत होतं, ज्या सणासाठी एवढी रजा मागितली तो तर मी आत्ताच, दोन वाट्या भरून, संपवून बसले.

सांगेन, तिनं ठरवलं. बाबो दिसला की लगेच सांगेन. मग ठरवलं, बसमध्ये सांगेन. मग, घरी गेल्यावर. मग तिच्या लक्षात आलं की न सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. परवा सगळ्यांबरोबर बसायचं, पानावर वाढलेली फोड सगळ्यांबरोबर तोंडात घालायची, पहिल्यांदा खाल्ल्यासारखं तोंड करायचं. सगळा गाव एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला, आणि त्यांना ते दिसणारही नाही... इथं निदान सगळ्यांना दिसतं की ही एकटी आहे.

कोलू, तिचा बाबो, दुपार कलल्यावर आला. फाटकापाशी तो कडेला उभा होता, धुतलेला पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, आणि समोर येईल त्याला हात जोडत होता. वॉचमनला जोडले, मॅडमना जोडले, धावत गेलेल्या मयुरीलाही जोडले. बुधरीला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा राग आला. शाळेच्या व्हरांड्यात तो घरच्यापेक्षा लहान दिसत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, बारीक झालीस असं काहीसं म्हणाला, तेही हळूच, कारण आपल्या भाषेत मोठ्यानं बोलायची दोघांनाही इथं सवय नव्हती.

मनकर्णाबाई सावली तालुक्याकडच्या. घरी आलेल्या माणसाला उपाशी पाठवणं त्यांच्यात बसत नाही, आणि मेस हे त्यांचं घरच. त्यांनी व्हरांड्यातूनच हाक मारली. "भाऊ, एवढ्या लांबून आले, तसेच कायले जाता? दोन घास खाऊन घ्या." कोलूनं नको नको म्हटलं, पण पहाटेपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नसणार, हे त्याच्या ओठांवरून कळत होतं. बाईंनी भात काढला, दाळीचं पातेलं बुधरीपुढं सरकवलं, वाढ वं तुझ्या बाबाले, म्हणाल्या आणि मागं भांड्यांकडे गेल्या.

पातेल्याच्या तळाला दाळ उरली होती. फोडी शिजून विरघळून गेल्या होत्या, नुसत्या पाहून ओळखता आल्या नसत्या. बुधरीनं डाव वरवरून फिरवला, बाजूला काढता येईल तेवढं काढलं, वाटी भरली. भाजी संपली आहे, लोणच्यातही तेच, मग भाताबरोबर द्यायचं काय? सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, बाबो, हे नको. मग त्यानं विचारलं असतं, तू जेवलीस का?

कोलूनं वाटी नाकाशी नेली. दमलेल्या, लाल डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि एकच शब्द विचारला.

"मरका?"

बुधरी नाही म्हणाली.

पटकन म्हणाली, आणि आवाजही नेहमीचाच आला. तो भुकेला आहे म्हणून म्हणाले, तिनं लगेच स्वतःला सांगितलं. मग सांगितलं, घाबरले म्हणून म्हणाले. दोन्ही खरं होतं. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं आणि बाबोनं दाळ भातावर ओतली, कालवली, पहिला घास घेतला, तेव्हा ते वर आलं. तिला बरं वाटलं. आता आपण दोघं. वर्षभरात पहिल्यांदा या मेसमध्ये तिच्या बाजूचं कुणी जेवत होतं, आणि हे तिनं असं मिळवलं होतं, आपल्या बापाला फसवून.

तो सावकाश जेवत होता, मान खाली घालून, घरी जेवतो तसा. अर्ध्यावर आल्यावर त्याचा जबडा थांबला. दोन बोटांनी त्यानं तोंडातून काहीतरी काढलं, पाहिलं, आणि ताटाच्या कडेला ठेवलं. पांढुरकं, कडेला जरासं हिरवट. बुधरी पातेल्याच्या काठाकडे पाहत राहिली. आता तो उठेल. आता विचारेल. पंखा खडखडत होता, मागं बाईंची भांडी वाजत होती... आणि कोलूनं पुढचा घास कालवला. ताट संपवलं. वाटी उचलून तळाशी उरलेलं पिऊन टाकलं. बाई नाही नाही म्हणत असताना स्वतःचं ताट स्वतः धुतलं आणि पालथं घातलं.

बसस्टँडवर सावलीची जागा मिळाली नाही. दोघं खांबाशी उभी राहिली. दूर, छपरांच्या वर, वीज केंद्राचा धूर उन्हात पांढरा दिसत होता. बाबोनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिला दिली, तिनं पिऊन परत दिली. पिशवीत यायोनं तिच्यासाठी पाठवलेली वाळवलेली मोहफुलं होती, वाटेत खायला. त्यानं मूठभर तिच्या हातात ठेवली आणि आलापल्लीच्या फलाटाकडे पाहत, गाडी किती वाजता सुटते हे सांगावं तशा आवाजात, आपल्या भाषेत म्हणाला,

"घरी कोंबडी अंडी घालते आहे. दोन निघतील."

बुधरीच्या हातातली मोहफुलं तशीच राहिली. एक नाही म्हणाला, दोन म्हणाला. म्हणजे त्याला कळलं होतं. पण कधी कळलं? कोय दाताखाली आली तेव्हा, की त्याही आधी, वाटी नाकाशी नेली तेव्हाच? चिंच आणि कैरी यांच्या वासात या माणसाची कधी चूक झाली होती? मग त्यानं विचारलं कशाला? आणि विचारून, माझं ऐकून, मग खाल्लं कशाला? भूक होती म्हणून, की मी वाढलं म्हणून, की माझ्या तोंडाकडे पाहून त्याला सगळंच कळलं होतं, आता आपण दोघं, हेसुद्धा... तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो फलाटाकडेच पाहत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर काहीतरी बोलता आलं असतं.

गाडी लागली. त्यानं पुढं होऊन खिडकीजवळची जागा धरली, तिला आत बसवलं, पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी शहराबाहेर पडायच्या आतच डोळे मिटले. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला होता. वर्षभर तिला असं कुणी टेकलं नव्हतं. रडू आता आलं, उशिरा, आणि ते त्याला जाणवू नये म्हणून ती हललीसुद्धा नाही. परवा तो पेरमापुढं तिच्या शेजारी उभा राहील, दोन अंडी पुढं करेल, पेरमा चार शब्द थट्टेचे बोलेल, सगळे हसतील आणि कैरीचं मिटेल. पण खोटं बोलल्याबद्दल पेरमा काय मागतो, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आणि विचारायचं तर ते बाबोलाच विचारावं लागलं असतं, आणि तो शेजारी झोपला होता, किंवा झोपला नव्हता.