बटनवाला चाकू कोणाचा?

नवेगाव बांधच्या टेकचंदकडे पेटीभर चाकू होते, आणि त्यांतल्या एकानेही जाम, म्हणजे पेरू, आणि टरबूज यांपलीकडे काही कापलेलं नव्हतं. सगळे घडीचे, खटक्यावर उघडणारे. कोणाची मूठ हाडाची, कोणाची हिरव्या प्लास्टिकची, कोणाची कमानी म्हातारपणामुळे ढिली. जन्मभर सायकली दुरुस्त केलेल्या माणसाला स्प्रिंगचं वेड लागलं तर नवल ते काय! दुपारी दुकानाचं दार लोटून तो एकेकाला शिलाई मशीनचं तेल पाजायचा आणि डोळे मिटून बटन दाबायचा. खट्! नुसत्या आवाजावरून सांगायचा, हा कोणत्या मंडईतला.

दिवाळीनंतर झाडीत, पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, गावोगाव मंडया भरतात. दिवसा जत्रा, रात्री नाटक. पितळी मुठीचा, लाल बटनाचा चाकू चिचगडच्या मंडईतला, आणि सगळं भांडण त्याच्यावरूनच. टेकचंद आणि त्याचा जिवलग रामलाल, दोघंही तेव्हा मिसरूड फुटलेले. रिंग टाकून वस्तू जिंकायच्या दुकानावर दोघांनी एकाच वेळी रिंग फेकली. एक मातीत पडली, एक चाकूवर बसली. कोणाची बसली, हे देवालाच ठाऊक.

"माझी होती बे," रामलाल म्हणाला.

"डोळे हायेत का भोकं? माझी होती!"

रामलालचा बाप मारकुटा, म्हणून चाकू टेकचंदच्या पेटीत गेला. हक्क मात्र रामलालने सोडला नाही. स्वतःच्या लग्नात तो "माझा चाकू दे" म्हणून घेऊन गेला, आणि "उसना नेऊन राहिला, ध्यानात ठेव" असं टेकचंदने वरातीत सगळ्यांदेखत ऐकवलं. पुढे चहाच्या प्रत्येक कपाबरोबर हे भांडण झालंच पाहिजे, नाहीतर चहा गोड लागायचा नाही. मग रामलाल गेला. टेकचंद अजूनही बटन दाबायचा, पण "माझा हाय" म्हणणारं कोणी नव्हतं. त्या खट्नंतरची शांतता त्याला खायला उठायची.

रामलालच्या बंटीचं लग्न ठरलं तशी त्याची आई, निर्मलाबाई, दुकानात आली. झाडीत हळद लागली की नवरदेवाच्या हाती लोखंड लागतं. कट्यार म्हणा, सुरी म्हणा, टोकाला लिंबू खोचलेलं, आणि लग्न लागेपर्यंत ते खाली ठेवायचं नाही.

"भाऊजी, त्याईनं धरला होता, तोच पायजे बंटीले."

टेकचंदने पेटी पुढे ओढली. पेटीतले बाकीचे सगळे गेले तरी चाललं असतं. पण नाही कसं म्हणणार?

"नेजा वयनी. पण उसना हाय. माझा हाय तो."

"माहीत हाय मले," ती हसली.

वरात देवरीकडे निघाली, टेकचंद नवरदेवाच्याच गाडीत. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली, रस्त्यात पोलिसांचा नाका. हवालदाराने गाडीत डोकं घातलं. नवरदेवाच्या हातातलं लिंबू त्याला नवं नव्हतं. लिंबाखालचं लाल बटन मात्र नवं होतं.

"हे काय बे? कट्यार चालते, हा तं बटनवाला हाय!"

"काही नाही साहेब, साधा हाय," म्हणत बंटीने शहाणपणा केला. लिंबू काढलं, चाकू मिटला आणि साधेपणा दाखवायला बटन दाबलं. खट्! हवालदार दोन पावलं मागे.

"कोणाचा हाय हा?"

बंटीने घाबरून टेकचंदकडे बोट दाखवलं. मागून कोणीतरी म्हणालं, "याच्या मेलेल्या बापानं लग्नात हाच धरला होता, साहेब." हवालदार टेकचंदकडे वळला. "तुमचा असन तं इथंच जमा करा. अना घरी अजून किती हायेत, तेही पाहू. नवरदेवाच्या बापाचा असन तं गोष्ट वेगळी. मेलेल्या बापाची निशाणी आज हिसकावली तं माझीच माय मले शिव्या देईन."

सगळी वरात टेकचंदकडे पाहू लागली. आयुष्यभर ज्या प्रश्नाला त्याने एकच उत्तर दिलं होतं, तोच प्रश्न. खरं सांगावं तर चाकू जातो, पेटी जाते, पोराचं लग्न खोळंबतं.

"रामलालचा," तो म्हणाला. "याच्या बापानं जिंकला मंडईत. रिंग त्याचीच बसली होती."

गाड्या सुटल्या. लग्न लागलं. जेवणं उरकल्यावर बंटी चाकू घेऊन आला.

"घ्या काका."

"नाक्यावर काय सांगतलं मी? तुझ्या बापाचा हाय. ठेव तुझ्याजवळ."

पोराने एकदा तरी "नाही काका, तुमचाच" म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं. म्हणजे दोन शब्द वाढवता आले असते. पण पोरगं आजकालचं, आज्ञाधारक. "बरं काका," म्हणून त्याने चाकू शेरवानीच्या खिशात टाकला आणि फोटोला पळाला.

निर्मलाबाई शेजारीच उभी होती. "चला," ती म्हणाली, "एकदाचं भांडण मिटलं तुमचं."

"मिटलं ना, वयनी," टेकचंद म्हणाला, आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसू लागला. "आता काय बोलू रामलालशी?"