वीस मिनिटांची लहर

वृद्धाश्रमाच्या जेवणघरात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे चाकांच्या खुर्च्या, त्यांच्यामागे काठ्या आणि वॉकर सांभाळत बसलेली मंडळी, आणि पार मागे भेटीला आलेले लेक, सुना, जावई. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीकडे. टीव्हीत लहरगुरू बसले होते. झगा पांढरा, दाढी पांढरी, मागचा पडदाही पांढरा; गुरू कुठे संपतात आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळायला मार्ग नव्हता.

"मी तिथे नाही, आणि मी तिथेच आहे," गुरू म्हणाले. "डॉक्टर पडद्यावरून बोलतात, मी पडद्यावरून वाहतो. माझी लहर तुमच्या धमन्यांत उतरेल. मध्येच नेटवर्क गेलं तरी घाबरू नका. श्रद्धेला रेंज लागत नाही."

माना डोलल्या. कारण इथला चमत्कार नुसता तोंडी नव्हता, आकड्यांत होता. मौनाआधी गुरूंचा सेवक प्रत्येकाचं बीपी मोजून फळ्यावर लिहीत असे. मग वीस मिनिटं डोळे मिटून मौन आणि पुन्हा मोजणी. आकडे धडाधड खाली येत. पोस्टातून निवृत्त झालेल्या मास्तरांचा आकडा तर गेल्या खेपेला अडतीसने उतरला, तेव्हा त्यांच्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या गर्दीत एकच चेहरा आंबट होता. तो सिस्टरांचा. सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या या बाई खुबा मोडल्यापासून इथे राहायला होत्या. त्यांच्या खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर शिंपीणबाई. दोघींचं दिवसभर भांडण आणि दिवसभर गप्पा. पण गेल्या रविवारी, पहिल्याच बैठकीत, "गोळी आणि लहर एका घरात नांदत नाहीत" असं गुरू म्हणाले आणि शिंपीणबाईंनी आपल्या बीपीच्या सगळ्या गोळ्या सेवकाने पुढे केलेल्या बरणीत ओतल्या.

दर बुधवारी टीव्हीवरून तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना कळवावं, तर ती तपासणीच व्यवस्थापकांनी बंद केली होती.

"सिस्टर, डॉक्टर गोळ्या वाढवतात, गुरुजी कमी करतात," व्यवस्थापक म्हणाले. "लोक कुणाला मागणार, तुम्हीच सांगा."

सिस्टर वॉकर सरकवत लहर घेणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

लांबलचक व्हरांडा चालून आल्याने त्यांना धाप लागली होती. सेवकाने उभ्याउभ्याच त्यांच्या लोंबत्या हाताला पट्टा बांधला आणि यंत्र फुगत असताना आपुलकीने विचारलं, "लेक काय म्हणतेय? येते का भेटायला?" आकडा आला एकशे बहात्तर. सकाळी सिस्टरांनी स्वतः मोजला होता, तो एकशे अडतीस. मग खुर्ची मिळाली, वीस मिनिटं शांतता मिळाली आणि हाताखाली दोन उशा आल्या, अगदी खांद्यापर्यंत. "हात वर असू दे, लहर वरून उतरते," सेवक म्हणाला. आकडा एकशे सव्वीस. टाळ्या.

सिस्टरांना आधी हसू आलं. नेमक्या याच चुकांसाठी त्यांनी शिकाऊ नर्सना दहा-दहा वेळा पुन्हा मोजायला लावलं होतं. मग त्यांची नजर बरणीकडे गेली आणि हसू विरलं.

खोलीत आल्यावर त्यांनी शिंपीणबाईंना सगळं उलगडून सांगितलं.

"तुला सगळ्यांत खोट दिसते," शिंपीणबाई म्हणाल्या. "आकडा फळ्यावर लिहिलेला असतो. तो काय खोटं बोलेल?"

"आकडा नाही गं, मोजणारा बोलतो. निदान गोळ्या तरी परत मागून घे."

"नाही घेणार. चौदा वर्षं घेतल्या. मला एकदा तरी बरं झाल्यासारखं वाटू दे ना."

बोलून भागणार नाही, लोकांच्या डोळ्यांनाच दिसलं पाहिजे, एवढं सिस्टरांना कळून चुकलं.

पुढच्या रविवारी त्या मुद्दाम टीव्हीच्या प्लगजवळ बसल्या. मोजणी झाली, फळा भरला, गुरूंनी मौन पुकारलं. सगळ्यांनी डोळे मिटले. सेवक नेहमीसारखा विडी ओढायला बाहेर सटकला. त्याच त्या लहरीचा त्याला वीट आला असावा. सिस्टरांनी हात लांब केला आणि टीव्हीचा प्लग उपटला. गुरू दाढीसकट गायब झाले. मौनच असल्याने कुणालाही पत्ता लागला नाही.

"आली," थोड्या वेळाने मास्तर पुटपुटले. "डोक्यातून खाली उतरतेय बघा."

वीस मिनिटांनी सेवक आत आला आणि मान खाली घालून मोजू लागला. एकशे सत्तरचे एकशे चाळीस. एकशे ब्याण्णवचे एकशे साठ. आकडे नेहमीसारखेच उतरत होते. मास्तरांच्या सुनेने डोळे उघडले.

"अहो, टीव्ही बंद आहे."

"वीस मिनिटं बंद आहे," सिस्टर म्हणाल्या. "मी केलाय."

व्यवस्थापक धावत आले. "सिस्टर, हे काय चालवलंय तुम्ही?"

सेवक मात्र तयारीचा होता. "लहरीला टीव्ही लागत नाही," तो म्हणाला. "गुरुजी तिकडून पाठवतच होते."

"पाठवू देत. आता लहर आहे तशीच राहू दे, आपण फक्त हात हलवू," सिस्टर म्हणाल्या. "मास्तर, बसा. बोलू नका. यंत्र तुमचंच आहे, आकडा सूनबाई वाचतील."

मास्तरांचा हात खाली लोंबता ठेवला. एकशे छप्पन्न. मिनिटभर थांबून हात टेबलावर, छातीच्या उंचीला. एकशे बेचाळीस. मग उशांवर, खांद्याशी. एकशे एकोणतीस. पुन्हा खाली सोडला. एकशे पंचावन्न.

सून आकडे मोठ्याने वाचत होती आणि दर आकड्याला तिचा आवाज कडक होत होता.

"चालून आलेल्या माणसाला उभं करून, बोलतं ठेवून, हात लोंबता असताना मोजलं की आकडा फुगतो," सिस्टर म्हणाल्या. "बसवलं, गप्प केलं, हात वर ठेवला की उतरतो. यात लहर कुठे आहे, ती मला कुणीतरी दाखवा."

मग पहिल्या रांगेतून शिंपीणबाई म्हणाल्या, "माझं घे. नीट घे."

सिस्टरांनी त्यांचा हात टेबलावर ठेवला आणि मोजलं. दोनशे सहा. पुन्हा मोजलं. दोनशे चार.

"गुरुवारपासून डाव्या डोळ्याला धुरकट दिसतंय," शिंपीणबाई हळूच म्हणाल्या. "तुला सांगितलं नाही. तू चिडली असतीस."

सिस्टरांनी प्लग लावला आणि व्यवस्थापकांकडे न बघताच सांगितलं, "डॉक्टरीणबाईंना जोडा. आत्ता."

डॉक्टरीणबाई घरच्या कपड्यांतच टीव्हीवर आल्या. त्या सांगत गेल्या आणि सिस्टर करत गेल्या: डोळ्यांत टॉर्च टाकला, दोन्ही हात उचलायला लावले, हसायला लावलं, उजवा डोळा झाकून बोटं मोजायला सांगितली. शेवटी त्या म्हणाल्या, "सिस्टर, डोळ्याच्या आतला पडदा मला इथून दिसत नाही. अंदाजाने काही सांगणार नाही. गाडी पाठवते, ताबडतोब रुग्णालयात आणा."

'मला इथून दिसत नाही' हे शब्द लहरगुरूंच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. गडबडीत सेवक मागच्या दाराने निघाला, तर दारात मास्तरांची सून उभी. तिने बरणी काढून घेतली आणि मगच त्याला जाऊ दिलं.

शिंपीणबाई पाच दिवसांनी परतल्या. बीपी आटोक्यात आलं होतं, पण डाव्या डोळ्यावरचं धुकं पुरतं गेलं नाही. व्यवस्थापकांनी बुधवारची तपासणी पुन्हा सुरू केली आणि झालं गेलं विसरा म्हणाले. दोघी विसरल्या नाहीत. पोलिसांकडे तक्रार गेली, तिच्यावर पहिली सही शिंपीणबाईंची होती.

महिन्याभराने कळलं, लहरगुरू दुसऱ्या एका वृद्धाश्रमाच्या टीव्हीवर वाहू लागले आहेत. तिथेही याच डॉक्टरीणबाई तपासत. त्यांनी बुधवारची पहिली दहा मिनिटं शिंपीणबाईंना दिली. टीव्हीत अनोळखी म्हातारे चेहरे ओळीने दिसले, काही रागावलेले. कुणीतरी म्हणालंच, "आम्ही गुरुजींचं सोडून तुमचं का ऐकायचं?"

"नकाच ऐकू," शिंपीणबाई म्हणाल्या. "त्यांनी विश्वास ठेवा म्हटलं, मी ठेवला, आणि आता सुई ओवायला मला दुसरं माणूस लागतं. मी ठेवा म्हणत नाही. माझ्यावरही ठेवू नका. गोळ्या चालू ठेवा, यंत्र मागवा, आणि मी सांगते तसं आपल्या हातांनी मोजून बघा."